हरताळाखालची अक्षरे

‘तत्त्वांना हरताळ फासला’ असे आपण सहज म्हणून जातो. हरताळ हे पिवळे, विषारी खनिज. पोथीत चूक झाली की लेखनिक त्या अक्षरांवर हरताळ फासून ती झाकून टाकत. आसामात हाच हरताळ पोथी राखायच्या कामी येई. अगरूच्या झाडाची साल वाळवायची, घासून गुळगुळीत करायची, वर हरताळ चोळायचा. मग त्या सांचीपाताला कीड लागत नसे. असमिया कादंबरीकार इंदिरा गोस्वामींचे आयुष्य वाचताना हा हरताळ मला राहून राहून आठवतो. पोथ्या इतक्या निगुतीने जपणाऱ्या समाजाने विधवेच्या आयुष्यावर मात्र तो फासलाच होता.

त्यांचा जन्म १९४२चा, गुवाहाटीचा. घराणे सत्राचे, म्हणजे आसामी वैष्णव मठाचे. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले असताना, १९६७ साली, पती माधवन काश्मीरमध्ये अपघातात गेले. पुढे त्या वृंदावनात राहून गुरू उपेंद्रचंद्र लेखारूंकडे रामायणाचा अभ्यास करू लागल्या. चौदाव्या शतकातले माधव कंदलींचे असमिया रामायण आणि तुलसीदासांचे ‘रामचरितमानस’ शेजारी ठेवून वाचायचे, हे काम. कंदलींचा राम माणसासारखा वागतो, व्याकुळ होतो. ते वाचून बाहेर पडावे तर गल्लीत पांढऱ्या वस्त्रांतल्या राधेश्यामी विधवा, मूठभर शिध्यासाठी भजन करणाऱ्या. आपल्या अंत्यविधीसाठी पै-पै साठवणाऱ्या याच बायका ‘नीलकंठी ब्रज’ या १९७६च्या कादंबरीत आल्या.

‘दंताळ हत्तीचा वाळवी लागलेला हौदा’ अशा अर्थाचे नाव असलेल्या त्यांच्या दुसऱ्या एका कादंबरीत गिरिबाला ही सत्रातली तरुण विधवा परदेशी अभ्यासकाला जुन्या पोथ्यांच्या कामात मदत करते. पोथ्या वाचवायला तिचे हात चालतात. तिला वाचवायला कोणाचा हात पुढे होत नाही. प्रायश्चित्ताच्या झोपडीत ती स्वतःला जाळून घेते.

मराठी वाचकाला इथे पंडिता रमाबाई आठवाव्यात. त्यांचा संसार सिलचरला, आजच्या आसामातच, मांडला गेला आणि दोन वर्षांच्या आत, १८८२ साली, पतीच्या निधनाने मोडला. रमाबाईंनी विधवांसाठी सदन उभे केले. गोस्वामींनी विधवांच्या जगण्याची साक्ष लिहून ठेवली. मला दोन्ही कामे एकाच तोलाची वाटतात, कारण ज्याची नोंदच नाही त्या दुःखासाठी सदन तरी कोण बांधणार?

ज्ञानपीठ गोस्वामींना २००० साली मिळाले. त्यांच्यातली संशोधक आणि कादंबरीकार अशी वाटणी मला करता येत नाही. पोथीचा जाणता अभ्यासक हरताळ दिसला की तिथेच थांबतो, पान उजेडाकडे धरतो आणि खाली काय लिहिले होते ते लावू पाहतो. वृंदावनच्या गल्लीत त्या तशाच थांबल्या.