श्वासाचा हिशेब

मे महिना. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्याबाहेर रिकाम्या ट्रकांची रांग लागली होती. भरणीचा नंबर यायला कधी एक रात्र जाते, कधी दोन. दुपारी पारा 46 वर गेला की केबिनच्या पत्र्याला हात लावता येत नाही, आणि तोच पत्रा मध्यरात्रीपर्यंत आग ओकत राहतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. पण या रांगेतल्या गाड्या त्याआधीच्या होत्या.

रांगेत साताऱ्याकडचा एक तरुण चालक होता. गाडी स्वतःची, हप्ते चालू. क्लीनर त्याला ‘उस्ताद’ म्हणायचा. उस्ताद मोठा हिशेबी. गारव्यासाठी रात्रभर इंजिन चालू ठेवणं परवडणार नाही, म्हणून त्यानं एक टनाचा पोर्टेबल एसी आणि पेट्रोलवरचा छोटा जनरेटर घेतला. असा एसी चालताना बाराशे वॅटच्या आसपास वीज खातो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कैक पट करंट ओढतो. म्हणून जनरेटर अडीच केव्हीएचा. वायर जाड. गरम हवेचा पाइप खिडकीतून बाहेर काढून उरलेली फट त्यानं पुठ्ठा आणि चिकटपट्टीनं बुजवली. लांब ठेवला तर कुणी उचलून नेईल, म्हणून जनरेटर केबिन आणि हौद्याच्या मधल्या जागेत साखळीनं बांधला. रात्री किती पेट्रोल लागेल, तेही वहीत मांडलं.

पहिल्या रात्री दोघं गारेगार झोपले. सकाळी मात्र दोघांचंही डोकं जड झालं होतं. क्लीनरला तर मळमळत होतं. ‘‘ऊन बाधलं,’’ उस्ताद म्हणाला. कैरीचं पन्हं घेतलं, झाडाखाली बसले, दुपारपर्यंत बरं वाटलं.

संध्याकाळी शेजारच्या गाडीतले तात्या यंत्र बघायला आले. नागपूरची संत्री दिल्लीला पोचवण्यात त्यांचे अनेक हिवाळे गेले होते.

‘‘झाली का झोप, लेका?’’

‘‘झाली तात्या. पण सकाळी डोकं ठणकत होतं. या पोराचंही.’’

‘‘दोघांचंही? आणि खाली उतरल्यावर थांबलं?’’

‘‘हो. दुपारपर्यंत उतरलं.’’

तात्या गंभीर झाले. ‘‘उत्तरेत थंडीत पोरं केबिनमध्ये कोळशाची शेगडी घेतात, काचा लावून झोपतात आणि सकाळी उठत नाहीत. मी पाहिलंय. शेगडी काय नि तुझा जनरेटर काय, जळण्यातून निघणारा वायू एकच.’’

‘‘पण जनरेटर बाहेर आहे, तात्या. धूर आत येत असता तर वास आला नसता का?’’

‘‘त्या वायूला वास नसतो, रंगही नसतो.’’

तो कार्बन मोनॉक्साइड. रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीनं धरून ठेवतं, मग प्राणवायूला जागाच उरत नाही. जाग्या माणसाचं डोकं दुखतं, त्याला मळमळतं. झोपलेल्याला काहीच कळत नाही.

उस्तादला अजून पटत नव्हतं. तात्यांनी डॅशबोर्डवरच्या देवाच्या फोटोपुढची उदबत्ती घेतली, पेटवली आणि बाहेर उभं राहून बंद दाराच्या रबरी पट्टीजवळ धरली. धुराची रेघ सरळ वर जात होती. मग कारखान्याच्या दिव्याच्या खांबावरून घटकाभर वीज घेऊन त्यांनी एसी लावायला सांगितला. कॉम्प्रेसर घरघरला. रेघ थरथरली, वाकली आणि पट्टीच्या फटीतून आत शिरली. क्लीनर आत बसून ओरडला, ‘‘उस्ताद, इथं ब्रेकच्या भोकातूनपण वारा येतोय!’’

‘‘तुझा एसी पाइपातून केबिनमधली हवा बाहेर फेकतो,’’ तात्या म्हणाले. ‘‘जेवढी गेली तेवढी कुठून तरी येणारच. खिडकी तू बुजवलीस, मग ती येते मागच्या फटींतून. आणि मागं काय बांधून ठेवलंयस?’’

उस्तादनं साखळीकडं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. पण हार मानणारा तो नव्हता. ‘‘मग निदान वीस फूट लांब ठेवतो, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, सायलेन्सरचं तोंड पलीकडं करून.’’

‘‘नियम बरोबर आहे. जागा शोध.’’

उस्ताद जनरेटर उचलून निघाला. डावीकडं वीस फुटांच्या आतच दुसरा ट्रक. दोन्ही काचा खाली, आत चालक उघड्या अंगानं झोपलेला, एक पाय खिडकीबाहेर. उजवीकडं तात्यांची गाडी. पुढं-मागं तेच. रांग इतकी दाटीची की एकाच्या केबिनपासून लांब म्हणजे दुसऱ्याच्या उशाशी. हातातलं ओझं घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. मग परत आला, जनरेटर हौद्यात ठेवला आणि त्याचा पेट्रोलचा कॉक बंद केला.

त्या रात्री दोघं ताडपत्री ओली करून रिकाम्या हौद्यात झोपले. उकाडा होता, डासही होते. पण सकाळी कुणाचंच डोकं दुखलं नाही, आणि क्लीनरनं दोन प्लेट पोहे खाल्ले. आदल्या दिवशी ऊन बाधलं नव्हतं, हे उस्तादला तेव्हा पुरतं पटलं.

नंतर तो तात्यांना आणि आणखी काही चालकांना घेऊन कारखान्याच्या गेटवर गेला. आम्ही रात्र-रात्र थांबतो ते तुमच्याच मालासाठी, तर टेकायला एक खोली आणि विजेचा एक पॉइंट द्या, एवढंच मागणं. आधी टोलवाटोलवी झाली. पण रांगेतला एकही माणूस जागचा हलेना, तेव्हा वजनकाट्याशेजारची एक रिकामी खोली उघडून मिळाली. उस्तादनं आपला एसी तिथं नेऊन लावला. तिथं जळणारं काहीच नव्हतं, त्यामुळं बाहेरून आत येणाऱ्या हवेची भीती नव्हती. एका केबिनसाठी घेतलेल्या यंत्राच्या गारव्यात त्या रात्री आठ जण झोपले.

तात्पर्य : सोय करताना पैशाचा आणि विजेचा हिशेब सगळेच मांडतात, आपण बाहेर टाकतो ते कुणाच्या श्वासात जातं, हा हिशेब त्याआधी मांडावा. आणि तो एकट्यानं सुटत नसेल, तर चार जणांनी मिळून सोडवावा.