शॉक बसतो कुणाला?

बुलेटचे मागले शॉक बदलायचे झाले तर कोणते घालावेत, हा प्रश्न वरवर पाहता मिस्त्रीचा आहे. पण गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल, ती वडिलांची असेल आणि तिचा सध्याचा मालक निवृत्त असेल, तर कुठलाच प्रश्न मिस्त्रीपाशी थांबत नाही. तो थेट तत्त्वज्ञानापर्यंत जातो, आणि जाताना वाटेत घरातल्या प्रत्येकाचं मत घेत जातो.

आमची गाडी १९७२ सालची, साडेतीनशे सीसी. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. आजकालच्या पोराला चालवायला दिली तर तो ब्रेक समजून गिअर टाकतो आणि गिअर समजून ब्रेक मारतो. त्यामुळे गाडी मागून नेणारे आपोआप कमी झाले, हा मोठाच फायदा. तिला 'अस्सल' म्हणायची आमच्या घरात पद्धत आहे. आता अस्सल म्हणजे काय, हे ज्याने त्याने ठरवावं. मूळ घराणं इंग्लंडातलं, रेडिच गावचं. १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया कंपनी निघाली आणि बुलेट तिथे तयार होऊ लागली. १९७०च्या सुमारास मूळ इंग्रजी कंपनीच बंद पडली. म्हणजे दत्तक दिलेलं पोर इकडे इडली-सांबार खाऊन धष्टपुष्ट झालं आणि तिकडे जन्मदात्या घराला कुलूप लागलं. वारस कोण, अस्सल कोण, हा वाद आमच्या गाडीच्या जन्माआधीच सुरू झालेला होता.

पण एक गोष्ट खरी. बुलेटच्या इतिहासात मागल्या शॉकला मानाचं पान आहे. त्या काळी बहुतेक मोटारसायकलींचं मागलं चाक सांगाड्याला घट्ट आवळलेलं असे. काय मऊपणा असेल तो सीटखालच्या स्प्रिंगांचा. १९४९च्या बुलेटने मागलं चाक खालीवर झुलणाऱ्या दांड्यावर बसवलं आणि दोन बाजूंना दोन शॉक दिले. त्या दिवसांत हे मोठंच नवल होतं. तेव्हा या गाडीचे शॉक बदलणं म्हणजे कुणाचे केस कापण्यासारखं नाही, कुणाचा स्वभाव बदलण्यासारखं आहे.

शॉकविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे. लोकांना वाटतं, शॉक धक्का खातो. धक्का खाते ती बाहेरची स्प्रिंग. आतल्या नळीत तेल असतं, आणि बारीक भोकांतून ते तेल दाबलं जातं तेव्हा स्प्रिंगच्या उड्यांची ऊर्जा उष्णता होऊन विरून जाते. म्हणजे स्प्रिंग ही लग्नात झालेला मानापमान पुढल्या प्रत्येक लग्नात उगाळणाऱ्या आत्याबाईसारखी, आणि तेल म्हणजे "जाऊ द्या हो" म्हणणारा घरातला म्हातारा माणूस. म्हातारा गेला की आत्याबाईंना आवर घालायला कुणी उरत नाही. आमच्या शॉकमधलं तेल वयोमानाने कधीच झिरपून गेलं होतं. मिस्त्रीने सीट एकदा दाबली आणि हात काढून घेतला. गाडी आपली एकटीच चार वेळा वरखाली झाली.

"काकाजी," तो म्हणाला, "हा शॉक नाही राहिला जी, नुसता झोका राहिला. बदलवून टाका."

बदलवून टाका म्हणणं सोपं. त्याने माझ्यापुढे जे पर्याय ठेवले ते ऐकून मला लग्नाच्या स्थळांची आठवण झाली. पहिलं स्थळ, त्याच काळातला पण न वापरलेला जुना माल. घराणं उत्तम, किंमत अवाच्या सवा, आणि पन्नास वर्षं खोक्यात बसून आतलं रबर कडक झालेलं. दुसरं, नव्याने बनवलेला हुबेहूब माल. दिसायला तोच पत्रा, तीच गोलाई, आत मात्र तेलाचा नुसता वास. तिसरं, गॅसचे आधुनिक शॉक. काम चोख, पण चकाकती स्प्रिंग उघडी. जुन्या बुलेटवर ते असे दिसतात की आजोबांनी धोतरावर स्पोर्ट शूज चढवावेत. शिवाय त्यांची लांबी जमली पाहिजे. एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत अर्धा इंच जरी जास्त भरला तरी गाडीचं बूड वर उचललं जातं आणि मधल्या स्टँडवर लावली तरी मागलं चाक जमिनीला टेकायला बघतं. चौथा पर्याय मिस्त्रीने डोळे मिचकावत सांगितला. बाहेरचं कव्हर आपलंच जुनं ठेवायचं, आत नवा माल भरायचा, लेथवर दोन कड्या फिरवून घ्यायच्या. "कोणाच्या बापाला समजणार नाही."

इथे मला नागसेन आठवले. भिक्खू नागसेनांनी ग्रीक राजा मिलिंदाला विचारलं होतं : महाराज, आपण रथातून आलात, रथ म्हणजे काय? चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू? दांडा? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी कबूल करून बसला की या साऱ्यांच्या जुळणीला आपण व्यवहारापुरतं 'रथ' म्हणतो. दीक्षाभूमीच्या गावात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट नवी नसते. बाबासाहेबांच्या संस्थेने १९५०मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढलं ते मिलिंदाच्या नावाने, आणि त्या परिसराचं नाव नागसेनवन. नागसेनांनी मला विचारलं असतं, टाकी म्हणजे बुलेट का? सायलेन्सर म्हणजे बुलेट का? नागपूरकर म्हणून सायलेन्सरपाशी मी जरा अडखळलो असतो.

ग्रीकांचीही अशीच एक कथा आहे, थीसियसच्या जहाजाची. कुजलेली फळी काढायची, नवी ठोकायची. साऱ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का? सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रज पंडिताने त्यात आणखी काडी टाकली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून त्यांचं दुसरं जहाज बांधलं तर खरं कोणतं? हॉब्जसाहेब आमच्या मिस्त्रीच्या दुकानात कधी आले नव्हते, तरी त्यांना हे कसं सुचलं याचं मला नवल वाटतं. आमच्या गाडीचा निघालेला प्रत्येक तुकडा त्या दुकानातल्या डब्यात आहे. आणखी दोन वर्षांत तिथे एक पूर्ण बुलेट तयार होईल आणि ती माझ्यापेक्षा जास्त माझी असेल.

पंडितांना अडीच हजार वर्षं सुटलं नाही ते सरकारने मात्र २०२१च्या जुलैत राजपत्रात सोडवून टाकलं. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी ती 'व्हिंटेज'. वीस हजार रुपये भरा, नंबरात 'व्हीए' मिळवा. शॉकचं त्यात नाव नाही, म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला. पण पुढे अट आहे की अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यापुरतीच. म्हणजे अस्सलपणा मान्य झाला की गाडीने गाडीचं काम सोडायचं. आपल्याकडे थोर माणसाचा पुतळा झाल्यावर त्याच्या विचारांचं होतं, तेच. कॉटन मार्केटातून भाजी आणणं तांत्रिक संशोधनात बसेल का, याचा मी बराच खल केला. शेवटी व्हीएचा नाद सोडला.

हे सारं मी रात्री जेवताना मोठ्या रंगात सांगत होतो. अस्सल राखायचं तर जुनाच माल घालावा, बाबांची गाडी बाबांना ओळखू आली पाहिजे, वगैरे. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती वरण-भात कालवत होती. म्हणाली, "तुझे बाबा पुढं बसत. मी मागं."

मी म्हटलं, "हो, तर?"

"तर रामटेकचा रस्ता त्यांना पाठ होता. मला पाठीला आहे."

नागपूर ते रामटेक सुमारे पन्नास किलोमीटर. कामठी, कन्हान, मनसर. मी पेट्रोलच्या टाकीवर बसलेला, म्हणजे माझीही आठवण पुढलीच. वारा, बाबांचा घामट शर्ट, इंजिनचे ठोके. आई एका बाजूला पाय सोडून, एका हाताने सीट आणि दुसऱ्याने डोक्यावरचा पदर धरून. पुढच्याला खड्डा दिसतो; तो हँडल आवळतो, बूड किंचित उचलतो. मागचीला खड्डा आधी दिसत नाही, नंतर कळतो. त्यात पुढला माणूस दोन चाकांच्या मध्ये बसलेला आणि मागली व्यक्ती जवळपास चाकाच्या डोक्यावर. शॉक म्हणून जी काही वस्तू असते ती मुख्यतः तिच्यासाठी असते, आणि ती कोणती घ्यायची हे ठरवत आलेत पुढे बसणारे.

मग मला 'पूर्वीचं काही औरच' म्हणणारे सगळे आठवू लागले. पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला नाही, हे सांगणाऱ्या माणसाने पाटा-वरवंट्याला सहसा हात लावलेला नसतो. चुलीवरच्या भाकरीचं कौतुक धुराच्या बाहेर, ओसरीवर बसून होतं. नागसेनांनी रथाचे सगळे भाग मोजले, पण रथात मागे कोण उभं होतं हे विचारलं नाही. अर्थात त्यांचा मुद्दा वेगळा होता आणि भिक्खूने राजाच्या पत्नीची चौकशी करणंही बरं दिसलं नसतं. असो. पण मूळ शॉक राखायचे तर मूळ धक्केही राखावे लागतात, आणि ते माझ्या नावावर नाहीत.

दुसऱ्या दिवशी निवडीचं काम मी आमच्या हिच्याकडे सोपवलं. मिस्त्रीने ओळखीच्यांकडून दोन जोड्या मागवल्या. फुटाळ्याच्या रस्त्यावर दोन फेऱ्या झाल्या. हुबेहूब मालावर ती पहिल्याच स्पीडब्रेकरला म्हणाली, "अहो, थांबवा." नव्यावर स्पीडब्रेकर गेल्यावर म्हणाली, "गेला का?" निकाल लागला.

राहिला कव्हराचा प्रश्न. वर जुना पत्रा, आत नवा माल, ही फसवणूक नाही का? मी दोन दिवस यावर विचार केला. मिस्त्री कंटाळला. "काय करून राहिले काकाजी, एवढा विचार तर लोकं लग्नातबी नाही करत." ही म्हणाली, "तुम्ही कवळी लावता ती लोकांना सांगत फिरता का? कुणी विचारलं तर सांगायचं." हे मला पटलं. रॅलीत परीक्षकाने विचारलं तर खरं सांगायचं, नाही विचारलं तर गाडी पुसत उभं राहायचं, असं ठरलं.

शॉक बसले त्या संध्याकाळी गाडी अंगणात आणली. आई काठी टेकत बाहेर आली. मिस्त्रीने सीट दाबून दाखवली. एकदा खाली, एकदा वर, आणि गप्प. आईने काठी माझ्या हातात दिली, दोन्ही तळव्यांनी सीट स्वतः दाबून पाहिली. पुन्हा दाबली.

"हे तेव्हा नव्हतं का रे मिळत?"

"नव्हतं मिळत," मी म्हटलं.

मिस्त्री पाने गोळा करत होता. तो काही बोलला नाही. तेल आणि सील तेव्हाही मिळत होते.