माप आणि नेम

बंदुकीची गोळी जेथें लागावी तेथें लागली नाहीं तर दोष कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहतां नेमबाजापुरता दिसतो. पण थोडा विचार केला तर तो नीतिशास्त्राच्या अंगणांत येऊन उभा राहतो. माणसाच्या हातून घडणाऱ्या कर्मांत साधनाचा वांटा किती आणि कर्त्याचा किती, ही जुनी अडचण आहे, आणि तिचें हें एक लहानसें उदाहरण होय. तें मोजतां येतें म्हणूनच येथें घेतलें आहे.

रायफलीनें लक्ष्यवेध करणाऱ्यांमध्यें, विशेषतः अमेरिकेंत, स्वतःचीं काडतुसें स्वतः भरण्याचा छंद बराच आहे. कारखान्यांतून आलेलें काडतूस या मंडळींच्या मनास येत नाहीं. उडालेल्या काडतुसाचें पितळी नळकांडें ते पुन्हां साफ करतात, त्याचें तोंड सारखें करतात, बुडाशीं नवी टोपी बसवितात, आंत दारू तोलून घालतात आणि वर गोळी ठराविक खोलीपर्यंत दाबतात. दारूचें वजन ग्रेनच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत पाहिलें जातें. म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेचा जवळजवळ विसावा भाग! आपल्याकडे १९५९ च्या शस्त्रविषयक कायद्यान्वयें परवान्यावांचून दारूगोळा तयार करतां येत नाहीं, त्यामुळें हा छंद घरोघर पसरण्याची भीति नाहीं. परंतु एवढ्या सूक्ष्मतेनें नेम किती सुधारतो, हा प्रश्न कोणासही विचारतां येईल.

त्याचें गणित मोठें विनोदी आहे. नेमबाजाचा हात, श्वास आणि वारा यांमुळें गोळ्या तीन बोटें फांकतात, आणि काडतुसांतील विषमतेमुळें एक बोट, असें धरूं. या दोन चुका सरळ मिळवावयाच्या नसतात. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंप्रमाणें त्यांचे वर्ग मिळवून कर्ण काढावा लागतो. तेव्हां एकंदर फांक चार बोटें न होतां सुमारें ३.१६ बोटें होते. आतां काडतूस प्रत्यक्ष विश्वकर्म्यानें भरून दिलें असें समजा. फांक तीन बोटांवर येईल. म्हणजे रात्री जागून तराजूशीं केलेल्या तपश्चर्येचें फळ शेंकडा पांच! उलट, हाताची चूक तिनावरून दोनांवर आणली तर त्याच ओबडधोबड काडतुसानें ती २.२४ वर उतरते.

अंतराचाही विचार केला पाहिजे. सेकंदास ८०० मीटर वेगानें सुटलेल्या गोळीचा वेग शेंकडा एकानें घटला, तर शंभर मीटरांवर ती दीड मिलिमीटरच्या आसपास खालीं लागेल. कागदाला पडलेल्या भोंकाच्या कांठांतच तो फरक बुडून जातो. हजार मीटरांवर मात्र तोच फरक वीतभर किंवा त्याहून अधिक होतो. तेव्हां हजार मीटरांवर स्पर्धा करणारा मनुष्य दारू तोलीत बसला तर त्यास हंसण्याचें कारण नाहीं. हंसूं येतें तें शंभर मीटरांच्या पुढें कधींही न जाणाऱ्याचें. त्याच्या तीन गोळ्या एकदां एकमेकींस चिकटून बसल्या कीं माप सांपडलें असें त्यास वाटतें; त्याच मापाच्या तीस गोळ्या तो सहसा उडवून पाहत नाहीं, कारण सत्यापेक्षां समाधान स्वस्त असतें.

आमच्या महाराष्ट्रांतील उत्तम नेमबाजांस या मोहांत पडण्याची सोयच नाहीं. तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें ५० मीटर प्रोन प्रकारांत जागतिक अजिंक्यपद मिळविलें, आणि स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारांत कांस्यपदक. दोघेंही कोल्हापूर जिल्ह्याचीं. या प्रकारांत लागणारें .२२ चें काडतूस घरीं भरून भागत नाहीं. पेट घेणारें द्रव्य त्याच्या बुडाच्या कांठांत कारखान्यांतच बसविलेलें असतें. नेमबाज निरनिराळ्या लॉटांतील काडतुसें आपल्या रायफलींतून उडवून पाहतो, जीं तिला मानवतात तीं घेतो, आणि तो विषय तेथेंच मिटवितो. पुढें ५० मीटरांवर १०.४ मिलिमीटर व्यासाचें दहा गुणांचें वर्तुळ असतें, आणि अलीकडे तो स्वतः.

मग माणसास तराजू इतका प्रिय कां व्हावा? मला वाटतें, तराजू ताबडतोब उत्तर देतो म्हणून. वारा उत्तर देत नाहीं, आणि स्वतःची भीति तर विचारूंच देत नाहीं. जेथें मोजतां येतें तेथें मनुष्य आनंदानें राबतो, आणि त्या राबण्यालाच कर्तव्य समजूं लागतो. शरयूच्या कांठीं दशरथाचा शब्दवेधी बाण चुकला नव्हता. त्याहून अचूक बाण क्वचितच सुटला असेल. घागरींत पाणी शिरण्याचा तो आवाज हत्तीचाच आहे काय, एवढें पाहण्याचें तेवढें राहिलें होतें.

हा विषय छंदापुरता असता तर एवढा विस्तार केला नसता. परंतु आमच्या विदर्भांत, यवतमाळ जिल्ह्यांत, हाच प्रश्न रक्तामांसाचा होऊन गेला आहे. पांढरकवडा व राळेगांव या भागांत २०१६ पासून दोन वर्षांत तेरा माणसांचे मृत्यु एका वाघिणीच्या नांवावर पडले. सरकारी दप्तरांत ती टी-१. वन्यजीवप्रेमी तिला अवनी म्हणत. कपाशीच्या शेतांत एकट्यानें जाणें लोकांस अशक्य झालें. तिला प्रथम गुंगी देऊन पकडावें, न जमल्यास ठार मारावें, असा हुकूम २०१८ च्या सप्टेंबरांत निघाला आणि न्यायालयांनीं तो अडविला नाहीं. हत्ती आले, विलायती कुत्रे आले, वाघिणीस भुलविण्यास अत्तरही आलें. अखेर २ नोव्हेंबरच्या रात्रीं बोराटी गांवाजवळ एका गोळीनें ती मेली. आठ-दहा मीटरांवरून ती अंगावर आली, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असें शिकाऱ्याच्या बाजूनें सांगण्यांत आलें. शवविच्छेदनावरून व राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीच्या चौकशीवरून त्या म्हणण्याविषयीं गंभीर शंका निघाल्या.

आठ-दहा मीटरांवर दारूच्या ग्रेनचा दहावा हिस्सा म्हणजे शून्यच. गोळीनें आपलें काम चोख केलें. पण त्या रात्रीं हातानें भरलेली आणखी एक वस्तु तेथें होती, ती म्हणजे गुंगीच्या औषधाची डार्ट. तीही एक प्रकारचें काडतूसच आहे. जनावराचें वजन अंदाजून तींत औषध भरावें लागतें. कमी पडलें तर अर्धवट गुंगलेलें जनावर पळतें व कोणाच्या तरी अंगावर जातें. अधिक झालें तर त्याचा श्वास थांबतो. भरून ठेवलेलें औषध फार काळ भरंवशाचें राहत नाहीं. येथें मापाचा प्रत्येक अंश जीवन-मरणाचा आहे. आणि येथेंच, समितीच्या अहवालांतील म्हणून जें प्रसिद्ध झालें त्याप्रमाणें, चोवीस तासांच्या आंत वापरावयाचें औषध छप्पन्न तासांपूर्वीं भरलेलें होतें, आणि बरोबर पशुवैद्य नव्हता.

बोराटीचा एखादा शेतकरी यावर म्हणेल, "आमचीं तेरा माणसें गेलीं, आणि तुम्ही औषधाचे तास मोजतां काय?" हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. तासांचा हिशेब करावयाचा तर तो पहिल्या मृत्यूपासून केला पाहिजे. तेराही मृत्यूंस तीच वाघीण कारण होती काय, याविषयीं वाद झाला. तो वाद वाघिणीच्या मित्रांपेक्षां मृतांच्या घरच्यांसाठीं अधिक महत्त्वाचा होता, कारण मारणारें जनावर दुसरें असेल तर तें अजून रानांत असणार. चोख शोध, वेळेवर पहारा, ताजें औषध, जाणता वैद्य, या गोष्टी वाघिणीवरील दया म्हणून मागावयाच्या नाहींत. त्या शेतकऱ्याच्याच हक्काच्या होत्या. गुंगीचा उपाय पहिल्याच वर्षीं नीट केला असता तर तेराचा आंकडा तेरापर्यंत गेला असता काय, हें त्या शेतकऱ्यानें विचारावें आणि आपण त्यास विचारूं द्यावें. शिवाय, ज्या हुकुमांत "प्रथम" हा शब्द आहे, तेथें त्या एका शब्दाचें पालन होणें ही गोळीच्या नेमाइतकीच नेमाची गोष्ट नव्हे काय?

दुसऱ्या दिवशीं त्या भागांतील लोकांनीं आनंद साजरा केला. कपाशीच्या वेंचणीचे ते दिवस. त्या आनंदास नांवें ठेवण्याचा अधिकार शहरांत बसून वृत्तपत्र वाचणाऱ्या आपणांस नाहीं. वाघिणीचे दोन बछडे, दहा-अकरा महिन्यांचे, मागें त्याच रानांत राहिले होते, आणि त्यांच्यासाठीं पुन्हां हत्ती मागवावे लागले. त्यांपैकीं मादी बछड्यास डिसेंबरांत गुंगी देऊन जिवंत पकडण्यांत आलें व पेंचला नेण्यांत आलें.