अनुपलब्धी आणि टायरचा दिवा

पुण्यात बर्फ पडत नसल्याने ऋतूनुसार चाकांचे संच बदलावे लागत नाहीत. परंतु चाक बदलल्यावर गाडीत पेटणारा हवेच्या दाबाचा दिवा जो प्रश्न उभा करतो, त्याचा ऊहापोह भारतीय दर्शनांनी फार पूर्वीच केला आहे. चाकातील संवेदक, म्हणजे दाब मोजून तो रेडिओलहरींनी कळवणारे उपकरण, स्वतःच्या ओळखक्रमांकासह संदेश पाठवतो, आणि तो क्रमांक गाडीच्या नियंत्रकात नोंदवलेला नसेल, तर टायरमध्ये पुरेशी हवा असूनही तो संदेश स्वीकारला जात नाही. येथे मीमांसा दर्शनाच्या भाट्ट शाखेची ‘योग्यानुपलब्धी’ ही संकल्पना नेमकी लागू पडते: वस्तू असती तर ती जाणवलीच असती, अशी स्थिती असेल तेव्हाच तिचे न जाणवणे तिच्या अभावाचे ज्ञान देते. क्रमांक नोंदवलेला नसताना ही अट पूर्ण होत नाही, म्हणून संदेश न मिळण्यावरून हवा नाही असे ठरत नाही. अनेक गाड्यांत दिवा आधी सुमारे मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होतो, तेव्हा तो दाबातील घट नव्हे तर यंत्रणेचे अज्ञान कळवतो, आणि असे अज्ञान मान्य करणारे साधनच खऱ्या अर्थाने विश्वासार्ह म्हणावे लागते. न्यायदर्शनाचे अनुयायी असलेले नैयायिक मात्र ज्ञानाचे प्रामाण्य यशस्वी व्यवहारावरून ठरवतात. म्हणून वाहनधारकाने नव्या संवेदकांचे क्रमांक नोंदवून घ्यावेत आणि टायर थंड असताना मापकाने दाब स्वतः तपासावा.