जिंकल्यावर कोणीही येतं!



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ७, श्लोक १६ ते १८.

या तीन श्लोकांत भगवंत त्यांच्याकडे येणाऱ्या भक्तांचे चार प्रकार सांगतात. आर्त, म्हणजे संकटात सापडला म्हणून आलेला. जिज्ञासू, म्हणजे जाणून घ्यायला आलेला. अर्थार्थी, म्हणजे काहीतरी मिळवायला आलेला. आणि ज्ञानी, म्हणजे ज्याला देवाकडून देवाशिवाय दुसरं काही नको. आपण स्वतःला कोणत्या खान्यात टाकायचं, हे वाचणाऱ्यानं ज्याचं त्यानं ठरवायचं. मला मात्र या वेळी हे श्लोक वाचताना वानखेडे स्टेडियम आठवलं. हसू नका, सांगतो.

हार्दिक पंड्याचं २०२४ साल आठवा. २०१५ पासून तो मुंबई इंडियन्सकडून खेळला. मुंबईच्या पाच विजेतेपदांपैकी चार वेळा तो टीममध्ये होता. मग दोन हंगाम गुजरात टायटन्सचा कॅप्टन झाला आणि २०२२ मध्ये पहिल्याच वर्षी त्यांना कप जिंकून दिला. मुंबईत परत आला तो रोहित शर्माच्या जागी कॅप्टन म्हणून. झालं! १ एप्रिल २०२४ ला राजस्थान रॉयल्सविरुद्ध तो वानखेडेवर टॉसला आला, तर आपल्याच मैदानावर, आपल्याच टीमच्या निळ्या जर्सीतल्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली. संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना सांगावं लागलं, की जरा नीट वागा. त्या दिवशी मुंबई हरली, तो सलग तिसरा पराभव. हंगाम संपला तेव्हा १४ पैकी फक्त ४ सामने जिंकून मुंबई दहाव्या, म्हणजे शेवटच्या नंबरवर होती.

मग आला २९ जून. बार्बाडोस, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल. शेवटच्या ओव्हरमध्ये दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या आणि बॉल हार्दिकच्या हातात होता. पहिल्याच बॉलवर डेव्हिड मिलरचा तो उंच फटका आणि सूर्यकुमारचा सीमारेषेवरचा झेल तुम्हाला मी सांगायला नको. भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक निघाली, ती वानखेडेवर पोचली, आणि स्टेडियममध्ये घोषणा घुमली, ‘हार्दिक, हार्दिक!’ तेच स्टेडियम, तेच शहर. मध्ये गेले फक्त ९४ दिवस.

काही जण म्हणतील, एप्रिलमधला राग ही रोहितवरची निष्ठा होती. काही जणांची असेलही. आवडत्या कॅप्टनला बाजूला केलं तर वाईट वाटणारच. पण मग जुलैमध्ये त्यात काय बदललं होतं? मुंबईची कॅप्टनशिप काही रोहितला परत मिळाली नव्हती. एप्रिलमधला हार्दिक आणि जुलैमधला हार्दिक हाही एकच माणूस. बदलला होता फक्त स्कोअरबोर्ड. म्हणजे बऱ्याच जणांचा राग स्कोअरबोर्डवर होता आणि प्रेमही स्कोअरबोर्डवरच. मधला माणूस कोणी पाहिलाच नव्हता.

हे क्रिकेटपुरतंच असतं तर मी इथे लिहिलं नसतं. आणि हे आजचं खूळ आहे असंही नाही. आपल्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. आपण जेवायला, फिरायला, नाथसागर बघायला जातो, ते पैठण. सातशेहून जास्त वर्षांपूर्वी चार पोरकी भावंडं तिथे शुद्धिपत्र मागायला आली. संन्याशाची पोरं म्हणून त्यांना समाजानं बाहेर टाकलेलं. परंपरेनं सांगितलेली कथा अशी, की धर्मसभेत त्यांची थट्टा झाली. सगळ्यांत एकच आत्मा आहे असं म्हणतोस ना, मग त्या रेड्याकडून वेद म्हणवून दाखव, असं ज्ञानोबांना सांगितलं गेलं. रेड्याच्या मुखातून वेद उमटले आणि मग तेच सगळे ज्ञानोबांच्या पाया पडले.

ही कथा आपण लहानपणापासून चमत्काराची म्हणून ऐकतो. एकदा ती गर्दीची कथा म्हणून ऐका. सकाळी हसणारे आणि संध्याकाळी हात जोडणारे लोक तेच होते. ज्ञानोबा सकाळीही ज्ञानोबाच होते. रेडा बोलल्यावर नमस्कार करायला काय लागतं? त्या सभेत खरं बघावं ते तिघांकडे. निवृत्तिनाथ, सोपानदेव आणि मुक्ताबाई. रेडा बोलायच्या आधी, सगळं पैठण हसत असताना, ही तिघं त्यांच्या बाजूला उभी होती. त्यांना निकालाची वाट बघायची गरजच नव्हती.

आता इथे एक सापळा आहे. असं वाचलं की आपल्याला लगेच वाटतं, ‘मी बाबा तसा नाही.’ मग आपण मॅच जिंकल्यावर क्रांती चौकात नाचणाऱ्यांना नावं ठेवतो. दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की मंदिराबाहेर चपलांचा ढीग वाढतो, त्याला हसतो. श्रावणातल्या शनिवारी रात्रभर चालत खुलताबादच्या भद्रा मारुतीला जाणाऱ्यांपैकी ‘नवसवाले किती आणि खरे किती’ याचा हिशोब मांडतो.

भगवंत काय करतात बघा. अठराव्या श्लोकात ते या चौघांनाही उदार म्हणतात. चौघांनाही! संकटात आठवण आली म्हणून धावत आलेला, पगारवाढ मागायला आलेला, नुसतं कुतूहल म्हणून आलेला, यांतल्या एकालाही ते दारातून परत पाठवत नाहीत. का आलास, हे विचारत नाहीत. आलास ना, बस.

आणि खरंच, आपल्यापैकी किती जणांचं क्रिकेट हरण्यापासून सुरू झालंय? माझ्या पिढीतल्या कित्येकांना या खेळाचं वेड लागलं ते २ एप्रिल २०११ च्या रात्री, धोनीच्या त्या सिक्सनंतर. विजय बघून आले आणि मग राहिले. विजय बघून येणं हा दोष नाही. प्रश्न आहे तो आल्यानंतरचा. २०२२ मध्ये मुंबई इंडियन्स पहिले आठच्या आठ सामने हरली होती. नवव्या सामन्याला जो टीव्हीसमोर बसला, तो मूळचा कधी आणि कशासाठी फॅन झाला होता, याला आता काही अर्थ उरत नाही. तो आता घरचा माणूस आहे. भक्तीतही हेच होतं. आर्त म्हणून आलेला माणूस संकट टळल्यावरही दुसऱ्या दिवशी दिवा लावतो, तेव्हा तो एका खान्यातून दुसऱ्या खान्यात सरकायला लागलेला असतो.

मग बाजू कधी बदलायचीच नाही का? असंही शास्त्र सांगत नाही. युयुत्सूचं नाव फार कमी जणांना माहीत असतं. तो धृतराष्ट्राचा मुलगा, दुर्योधनाचा सावत्र भाऊ. युद्ध सुरू होण्याआधी युधिष्ठिरानं दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभं राहून विचारलं, आमच्याकडे कोणाला यायचंय का? आणि युयुत्सू कौरवांचा पक्ष सोडून पांडवांकडे आला. आकडे बघा. कौरवांकडे ११ अक्षौहिणी, पांडवांकडे ७. तो ११ सोडून ७ कडे आला. टीम त्यानंही बदलली, पण स्कोअरबोर्ड बघून नाही. धर्म कुठे आहे ते बघून. म्हणून बाजू बदलताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : ही बाजू हरणार असती, तरी मी इकडे आलो असतो का?

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, ते सांगतो.

माझा एक मित्र आहे. आम्ही इंजिनिअरिंगला एकत्र होतो. पुण्यात एका कंपनीत होता. गेल्या वर्षी एका सकाळी मीटिंगचं बोलावणं आलं आणि पंधरा मिनिटांत नोकरी गेली. आता तो इथे गारखेड्यात आईवडिलांकडे परत आलाय. नोकरी होती तेव्हा त्याचा फोन सतत वाजायचा. कोणाला रेफरल हवा, कोणाला बायोडेटा तपासून हवा. आता वाजत नाही. कॉलेजच्या ग्रुपवर त्यानं काही टाकलं तर दोन अंगठे येतात आणि विषय बदलतो. कोणी दुष्ट नाहीये त्यात. हरलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे लोकांना कळत नाही एवढंच. पण त्याच्या बाजूनं बघितलं, तर स्टेडियम रिकामं झालंय.

तो आमच्या हरिपाठाच्या ग्रुपमध्ये रोज असायचा, तेही त्यानं सोडलं. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, ‘अरे, देवपण जिंकणाऱ्यांच्याच टीममध्ये असतो. ज्यांचं चांगलं चाललंय, त्यांच्याच घरी सत्यनारायण होतो.’

तो चिडून बोलला, पण प्रश्न खरा आहे. मी त्याला जे म्हणालो, ते इथे लिहितो. देव कोणाच्या टीममध्ये असतो हे महाभारतात बघायचं, तर युद्धाचा अठरावा दिवस बघू नये, तो विजयाचा दिवस आहे. वनपर्व बघावं. द्यूतात सगळं गेलं, राज्य गेलं, अब्रू गेली. तेरा वर्षांचा वनवास आणि अज्ञातवास समोर. ज्यांच्या राजसूय यज्ञाला राजेरजवाडे रांगा लावून आले होते, ते पांडव आता काम्यक वनात झाडाखाली बसलेत. त्या वनात कृष्ण त्यांना भेटायला गेला. एकदाच नाही, पुन्हा गेला. द्रौपदीच्या थाळीला चिकटलेलं भाजीचं एक पान खाऊन त्यानं तिची लाज राखली, ती गोष्टही वनातलीच आहे, महालातली नाही. तेव्हा पांडवांकडे त्याला देण्यासारखं होतं काय? आणि शेवटी हेच जिंकतील, हे तेव्हा कोणत्या स्कोअरबोर्डवर लिहिलं होतं?

मित्र काही बोलला नाही. त्याला लगेच पटलं, तो दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आला, असंही झालं नाही. नोकरी अजून नाही. पण आम्ही तिघं जण आता दर रविवारी सकाळी त्याच्याकडे जातो. चहा होतो, थोडा हरिपाठ होतो. कधी तो म्हणतो, कधी नुसता ऐकत बसतो. त्याला नोकरी लागली तरी आम्ही जाऊ. नाही लागली तरी जाऊ.

आपल्या मराठवाड्याला हे खरं तर शिकवायची गरज नाही. आषाढी वारी कधी असते, याचा विचार केलाय? पेरणीच्या दिवसांत. पैठणहून नाथमहाराजांची पालखी निघते तेव्हा बी नुकतंच जमिनीत गेलेलं असतं, किंवा पाऊस लांबला तर तेही नाही. कापूस किती होईल, तुरीला भाव काय मिळेल, यंदा पाऊस तरी धड पडेल का, यातलं काहीच ठरलेलं नसतं. सुगी झाल्यावर आभार मानायला जायचं, असं वारीचं गणित नाहीच. दुष्काळाच्या वर्षीही लोक चालले. कारण विठोबा या वर्षी जिंकून देणार म्हणून ते जात नाहीत. तो आपला आहे म्हणून जातात.

जिंकावंसं वाटूच नये, असं याचा अर्थ नाही. दुसऱ्या अध्यायाच्या ३८ व्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सुखदुःख, लाभ-तोटा, जय-पराजय सारखे मानायला सांगतात, आणि त्याच श्लोकात लढायलाही सांगतात. मॅच जिंकायलाच खेळायची. नोकरीसाठी इंटरव्ह्यू द्यायचे, नवसही बोलायचा असेल तर बोला. फक्त निकाल काय लागला, यावरून आपण कोणाचे आहोत, ते ठरवायचं नाही.

आजची साधना छोटीशी आहे. फोनमधली नावं खाली-वर करून बघा. गेल्या वर्षी ज्याचं काहीतरी हरलंय, परीक्षा, धंदा, लग्न, नोकरी, असा एक माणूस शोधा, ज्याला तुम्ही पूर्वी वरचेवर फोन करायचात. आज त्याला फोन लावा. सल्ला देऊ नका, ‘होईल सगळं नीट’ असंही म्हणू नका. जेवलास का, विचारा. आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना, आज काही मागायचं नसेल तरी दोन मिनिटं जास्त बसा.

उद्या याच अध्यायाचा १९ वा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी.