शून्य आणि रेघ

पोफळी

चि. बाळी,

तुझा पावसाचा नकाशा पोचला. रात्री दिवे गेले होते (जिथे वीज होते तिथलेच दिवे आधी जातात, हे तुझ्या आईचं जुनं वाक्य), म्हणून सकाळी पाहिला. इथे आठ दिवस धार तुटलेली नाही. वाशिष्ठी गढूळ, कुंभार्ली घाट धुक्यात, आणि मामीने कपडे चुलीवर दोरी बांधून वाळत घातलेत. तू वेळेवर जेवतेस ना? नुसत्या ब्रेडवर दिवस काढू नकोस गं.

नकाशा देखणा झालाय, पण एक गोष्ट खटकली. अरबी समुद्र पांढरा, आणि घाटापलीकडचे कोरडे चौकोनही पांढरेच. हवामान विभागाच्या त्या पाव अंशाच्या आकडेवारीत समुद्रावर -९९९ असतं, म्हणजे तिथली नोंदच नाही. ते मास्क केलंस, छान केलंस. पण मास्क केलेला चौकोन मॅटप्लॉटलिब रंगवतच नाही, मागचा कागद दिसतो. त्यात तू पहिला रंगही पांढरा घेतलास, मग ‘पाऊस नाही’ आणि ‘नोंद नाही’ सारखेच दिसतात. लिस्टेडकलरमॅप केलास की लगेच सेट_बॅड लावून राखाडी देत जा.

मी एवढा का चिडतो, ते सांगतो. इथल्या वीज प्रकल्पावर नवा होतो तेव्हा सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघायचं काम माझ्याकडे होतं. एका जुलैत वाटेवर दरड आली, मी गेलोच नाही, आणि वहीत ० लिहून मोकळा झालो. साहेबांनी वही बघून चष्मा काढला. म्हणाले, ‘‘पोफळीत जुलैत शून्य? अरे, शून्य लिहायलासुद्धा मोजावं लागतं. नाही मोजलंस तर रेघ मार.’’ अजून कान गरम होतात.

आणि मास्क सरासरीच्या आधी कर हो. किनाऱ्यालगतचे तीन चौकोन घे: १५०, १४७ आणि -९९९. तसेच मिसळलेस तर सरासरी उणे २३४! पाऊस काय जमिनीतून वर जातो? मास्क करून घेतलीस तर १४८.५. दिवाळीत तूच लॅपटॉपवर पायथन घालून दिलंस ना, त्यावर दोनदा करून पाहिलं.

रंगांचं म्हणशील तर मऊ उतरती छटा नको, ठळक पट्ट्याच बऱ्या. बाउंडरीनॉर्मला सीमा द्यायच्या ०, २.५, १५.६, ६४.५, ११५.६, २०४.५. सीमा सहा, रंग पाच. इथे माझी गफलत झाली होती. ६४.५ पासून जोरदार पाऊस धरतात, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. त्या वरच्यासाठी सेट_ओव्हरने वेगळा रंग दे, नाहीतर १२० आणि २५० मिलिमीटर एकाच रंगात बसतील. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालेलं आपण पाहिलंय. आपल्याला हा फरक कुणी शिकवायला नको.

मामी कुळथाचं पीठ पाठवतेय, डबा घट्ट लावून ठेव. परसातल्या मापकाच्या नोंदी हव्या होत्या ना? सोमवार ९२, बुधवार १३७. मंगळवारी मी दाढ काढायला चिपळूणला गेलो होतो, तिथे रेघ.

तुझा मामा