गुण्या उलटून पाहताना

नंदुरबारच्या हार्डवेअरच्या दुकानात गुण्या, म्हणजे काटकोन पाहायचे हत्यार, दोन तऱ्हेचा मिळतो. एक कंपनीचा, डबीत नीट बसवलेला. दुसरा खिळ्याला टांगलेला, धुळीने माखलेला, किमतीला पहिल्याच्या निम्माही नाही. आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला, स्वतःचे दार-खिडक्यांचे छोटेसे काम सुरू करू पाहणारा पोरगा बहुधा हा दुसराच उचलतो. कारण त्याला त्याच पैशांत हातोडी, कानस आणि करवतीची पातीही घ्यायची असतात. ‘माल चांगला आहे, घेऊन जा,’ असे दुकानदार म्हणतो. पण त्या गुण्याचा कोन खरोखर नव्वद अंशांचा आहे का, हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसते.

ते कळायला मात्र काही खर्च येत नाही. प्लायवूडच्या सरळ कडेला गुण्याचा एक पाय टेकवायचा आणि दुसऱ्या पायालगत टोकदार पेन्सिलीने रेघ ओढायची. मग गुण्या पालथा घालायचा, डावीकडचे अंग उजवीकडे आणायचे आणि त्याच बिंदूपासून पुन्हा रेघ ओढायची. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात. नसेल तर वर जाता जाता फाकतात. तीस सेंटिमीटर उंचीवर दोन मिलिमीटरची फट दिसली तर गुण्याची चूक एक मिलिमीटरची, कारण पालथे घातल्याने ती दुप्पट होऊन समोर येते. गुण्या एकाच पोलादी पत्र्यातून कापलेला असेल तर त्याला सुधारताही येते. कोपऱ्याच्या आतल्या अंगाला सेंटर पंचचा हलका ठोका दिला की तिथला धातू पसरतो आणि कोन किंचित उघडतो. बाहेरच्या अंगाला ठोका दिला की कोन मिटतो. एक ठोका, पुन्हा दोन रेघा, पुन्हा एक ठोका. अर्ध्या तासात खिळ्यावरचा गुण्या डबीतल्या गुण्याच्या तोडीचा होतो.

वर्कशॉपमध्ये ही युक्ती सहज सांगितली जाते आणि सहज विसरलीही जाते. खरे तर तिच्यात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. खरा काटकोन कुठेच हाताशी नसताना खोट्या काटकोनाचा खोटेपणा कळला कसा?

भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला आहे. ज्ञान खरे आहे हे ज्ञानातूनच कळते की बाहेरून तपासावे लागते? नैयायिक म्हणाले, बाहेरून. दुरून पाणी दिसले, जवळ गेलो, प्यालो, तहान भागली, मग आधीचे दिसणे खरे होते हे ठरले. याला त्यांनी परतःप्रामाण्य म्हटले. मीमांसकांना, विशेषतः कुमारिल भट्टांना, हे पटले नाही. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाची साक्ष लागत असेल तर त्या साक्षीला तिसरी लागेल, तिसरीला चौथी, आणि या अनवस्थेतून सुटका नाही. म्हणून ज्ञान मुळात खरेच धरावे आणि ते खोटे पाडणारे काही पुढे आले तरच सोडावे. हे झाले स्वतःप्रामाण्य. मापांच्या जगाने ही अनवस्था प्रत्यक्ष भोगली आहे. पट्टी तपासायला दुसरी पट्टी, ती तपासायला तिसरी, असे करत सगळे मीटर पॅरिसजवळच्या सेव्र गावी जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका दांड्यापाशी जाऊन थांबत. 1960 मध्ये जगाने तो दांडाही सोडला आणि प्रकाशाच्या तरंगलांबीचा आधार घेतला.

पालथा घातलेला गुण्या या वादात तिसरीच वाट दाखवतो. तो दुसऱ्या गुण्याकडे जात नाही आणि स्वतःवर डोळे मिटून विश्वासही ठेवत नाही. तो आपलीच चूक आपल्यासमोर आरशासारखी उभी करतो. हे जमते, कारण ती चूक स्थिर असते. गुण्या डावीकडे जितका झुकलेला, उलटल्यावर उजवीकडे तितकाच झुकणार.

स्वस्त हत्यारांच्या सगळ्या प्रश्नाची किल्ली इथे सापडते. अचूकपणा आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो तराजू रोज पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो त्याच्यावर धंदा चालवता येतो, पन्नास वजा केले की झाले. जो आज वीस जास्त आणि उद्या चाळीस कमी दाखवतो त्याचे काय करणार? स्वस्त ड्रिलच्या चकात ढिलेपणा असेल, व्हाइसचे जबडे प्रत्येक वेळी निराळे बसत असतील, तर तिथे हुशारी चालत नाही. तिथे आधी ढिलेपणा काढावा लागतो, मग चूक मोजावी लागते. माणसाच्या स्वभावाबद्दलही हेच म्हणता येईल. पण हत्यारांकडेच राहू.

गवंडी हे सगळे न बोलता जाणतो. त्याच्या पिशवीत ओळंबा असतो, म्हणजे दोरी आणि वजन, आणि पारदर्शक नळीचे भेंडोळे असते. नळीत पाणी भरले की घराच्या दोन टोकांच्या पायऱ्या एका पातळीत आणता येतात, मध्ये भिंत असली तरी. या साधनाला जवळजवळ किंमतच नाही आणि तरी त्याच्याइतके खरे बोलणारे साधन क्वचित सापडेल. त्याला एकच रोग, नळीत अडकलेला हवेचा बुडबुडा. म्हणून अनुभवी गवंडी आधी नळी उजेडात धरून अंगठ्याने टिचक्या मारत पूर्ण पाहतो, मगच दोन्ही टोके शेजारी आणून पाणी सारखे उभे राहते का ते बघतो. पाण्याच्या सरळपणावर त्याची श्रद्धा आहे. बुडबुड्याची शंकाही तितकीच पक्की आहे.

सातपुड्यात वर गेले की भरवशाचा आणखी एक प्रकार दिसतो. भिल्ल आणि पावरा लोकांचा तीरकामठा बांबूचा, आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. तो दुकानातून येत नाही. करणारा आणि वापरणारा एकच, निदान एकाच पाड्यावरचे. बांबू कुठल्या कडेचा, किती वाळलेला, कुठे गाठ आली, हे सगळे त्याच्या हाताला माहीत असते. हमीचा कागद तिथे कोण कोणाला देणार?

धडगाव-मोलगीच्या आठवडे बाजारात मात्र विकणारा आणि घेणारा वेगळे असतात. ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून ठोकलेले कोयते, विळे, कुऱ्हाडी जमिनीवर मांडलेल्या असतात. तो पाटा स्प्रिंगच्या पोलादाचा, त्यात कर्ब पुरेसा, म्हणून त्याला ‘पाणी’ देता येते. लोखंड लाल करून विझवले की ते काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. मग पुन्हा हलकी ऊब देऊन तो ठिसूळपणा उतरवावा लागतो. घासून उजळ केलेल्या पात्यावर तेव्हा रंग चढत जातात, आधी गवताळ पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. साधारण सव्वादोनशे ते तीनशे अंशांमधला हा सगळा खेळ लोहार डोळ्याने पकडतो. निळ्याच्याही पुढे गेले की पाणी उतरले. स्वस्त कार्बन पोलादाचे ड्रिल बिट घाई करून दाबले की निळे पडते आणि मऊ होते, तेही याच कारणाने.

गिऱ्हाईक कोयता हातात घेते, पात्यावर नखाने किंवा दगडाने टिचकी मारते आणि कान देते. स्वच्छ नाद आला तर पाते अखंड. बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक चीर आहे. ग्राइंडरचा दगड बसवण्याआधी जाणता कारागीरही हेच करतो. दगड बोटावर तोलून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूच वाजवतो आणि आवाज बसका आला तर तो बाजूला ठेवतो, कारण चिरलेला दगड वेगात फुटला तर तोंडावर येतो. मराठी माणसाला ही परीक्षा ओळखीची आहे. तेरच्या गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले, ही कथा वारकऱ्यांच्या घराघरात सांगतात. त्या कथेत नामदेव रागावतात, दुखावतात आणि मग गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडे जातात. कच्चे निघालेले मडके गोरोबांनी फोडलेले नाही, हे त्या कथेतले ध्यानात ठेवण्यासारखे. आवाजावरून कच्चेपणा कळला की पुढची भाजणी ठरवता येते.

आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीला, नंदुरबार-शहाद्याच्या गॅरेजांत आणि वेल्डिंगच्या दुकानांत यंत्रांवर हळद-कुंकू वाहतात, झेंडूच्या माळा चढतात आणि त्या दिवशी हत्याराला काम सांगत नाहीत. जड लोखंडाला देव मानणे ही अंधश्रद्धा नाही का, असे शिकलेली मंडळी विचारतात. उत्तर हवे असेल तर फुले वाहण्याआधीचे दोन तास पाहावेत. लेथवरचा वर्षभराचा कीस खरवडून काढला जातो. ड्रिलचा चक उघडून त्यातली किटणे ब्रशने झाडतात, व्हाइसच्या स्क्रूला ग्रीस लागते, हातोडीचा हललेला दांडा काढून नवी पाचर ठोकतात. कुऱ्हाडीला धावड्याचाच दांडा हवा, असा ज्यांचा आग्रह ते तो याच दिवशी बदलतात. एरवी सैल दांडा रात्रभर पाण्यात बुडवून वेळ मारून नेलेली असते. लाकूड फुगते, दोन दिवस घट्ट बसते आणि वाळले की आधीपेक्षा जास्त सैल होते. वर्षातून एकदा हत्याराकडे त्याच्याकडून काही न मागता पाहायचे, हा या पूजेचा गाभा आहे. काम चालू असताना डोळा खिळ्यावर असतो, हातोडीवर नसतो. गंजावरच कुंकू लावून मोकळे होणारेही आहेत, आणि त्यांच्या पूजेत मुख्य गोष्टच राहून जाते असे म्हणावे लागेल.

काम शेवटी कोण करते, हत्यार की माणूस? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. करण म्हणजे साधन, आणि ते कर्त्याच्या शेजारी, त्याच पंगतीत बसलेले आहे. मी एकट्याने केले असे मानणाऱ्याची समज अपुरी, असेही तिथेच पुढे येते. विनोबांनी गीतेवरची प्रवचने दिली ती धुळ्याच्या तुरुंगात, 1932 च्या 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, दर रविवारी. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते आणि जिल्ह्याचे ठाणे धुळेच होते. ज्या विनोबांनी तकली आणि चरख्यावर वर्षे घालवली त्यांच्या तोंडून करण हा शब्द येतो तेव्हा तो पोथीतला राहत नाही.

त्या प्रवचनांच्या तीनच वर्षे आधी, 1929 मध्ये, अखिल भारत चरखा संघाने एका चरख्यासाठी 1 लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. किंमत 150 रुपयांच्या वर नको. खेड्यातल्या बाईला आठ तास फार न थकता चालवता यावा. त्या आठ तासांत 16,000 वार सूत निघावे. वेळच्या वेळी देखभाल केली तर तो निदान 20 वर्षे चालावा आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या 5 टक्क्यांच्या वर जाऊ नये. ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही. तरी या अटी पुन्हा पुन्हा वाचाव्यात अशा आहेत. गरिबाचे हत्यार स्वस्त असावे हे सगळेच म्हणतात, पण ते वीस वर्षे विश्वासाचे असावे असे इथे आकड्यांत मागितले होते. स्वस्त साधनाची कसर गरिबाने आपल्या कौशल्याने आणि घामाने भरून काढावी, हे त्या अटींनी मान्य केले नव्हते. जुगाडाचे कौतुक करताना आज नेमके हेच विसरले जाते. गुण्या सुधारणाऱ्या पोराचे कौतुक जरूर व्हावे, पण त्याची ती अर्ध्या तासाची मजुरी कोणीतरी वाचवलेली असते.

दिवाळी झाली की अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या तालुक्यांतली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. काही पश्चिम महाराष्ट्रात जातात, पुष्कळ जण बारडोली-सुरतेकडे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतल्या ऊसतोड मजुरांवर अनेक वर्षे लिहिले, त्यांच्या लेखनातही खानदेशातून उतरणाऱ्या या टोळ्या आहेत. त्या व्यवहारात जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यामागे, एकटा आला तर अर्धा कोयता. गीतेने कर्ता आणि करण ही दोन निराळी कारणे धरली, मुकादमाच्या वहीत ती एकाच शब्दात मिसळली आहेत. शब्द सवयीचा आहे आणि बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते, हे खरे. तरीही ज्या हाताला पात्याचा नाद कळतो, पाणी उतरलेले ओळखता येते, चूक मोजता येते, तो हात कर्त्याचा आहे, आणि वहीत त्याचे नाव असले पाहिजे.

पहाटे फडावर जाण्याआधी खोपीच्या तोंडाशी एक जण कानस घेऊन बसतो. कोयता गुडघ्यावर आडवा, कानस एकाच दिशेने, धारेकडून पाठीकडे. मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, म्हणजे घामाने हात सटकत नाही. चार हात मारले की तो थांबतो, अंगठा धारेवर आडवा फिरवतो, टोकाशी एक बोथट जागा लागते तिथे आणखी दोन हात मारतो. मग पात्याला नखाने टिचकी देतो आणि क्षणभर कान लावून बसतो. आत बायको भाकरी फडक्यात बांधत असते. बैलगाडी जुंपल्याचा आवाज येतो.